कोल्हापुरीचा अंगठा

दसऱ्याला घेतलेल्या कोल्हापुरीचा अंगठा बुंदीनं खाल्ला. नुसता अंगठाच. पट्टा, वेणी, तळ सगळं शाबूत. बुंदी म्हणजे आमची पाच महिन्यांची देशी कुत्री. चप्पल नाकासमोर धरून मी ओरडलो, तिनं कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली. घरात सगळ्यांचं एकमत झालं, "बघ, कळतंय तिला!"

कळत नव्हतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हाच 'अपराधी चेहरा' तपासला. मनाई केलेल्या खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांवर मालक रागावले, तरी तो चेहरा दिसायचाच. त्याचा संबंध गुन्ह्याशी नव्हता, आपल्या आवाजाशी होता.

खरं कारण तिच्या तोंडात होतं. पिल्लाला दुधाचे दात २८. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. केर काढताना मला तांदळाएवढा एक दात सापडला, तेव्हा माझा राग ओसरला. दात आले की चघळणं थांबतं, असं मात्र समजू नका. पुढे वर्ष-दीड वर्ष तरण्या जबड्याला काम लागतंच.

शिवाय कोल्हापुरी म्हणजे चामडं, वर आमच्या पायांचा वास. दुकानात कुत्र्यांसाठी मिळणारी चघळायची कांडीही बऱ्याचदा चामड्याचीच वळलेली असते. एका चामड्याला शाबासकी आणि दुसऱ्याला धपाटा, हा न्याय तिला कसा कळावा? 'जुनी चप्पल देऊन टाका' हा शेजाऱ्यांचा सल्ला तर हमखास अंगलट येतो. जुनं-नवं माणसांना कळतं.

म्हणून आम्ही घराला शिस्त लावली. चपला कपाटात गेल्या, वायरी सोफ्यामागे. पीळ देऊन गोठवलेला ओला पंचा आणि थंडगार गाजर बुंदीला मिळू लागलं. चघळायला द्यायच्या वस्तूवर नख दाबून बघावं. नख अजिबात रुतत नसेल, तर तिच्यावर दाढेचा टवका उडू शकतो. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवायचा. १९७०च्या दशकात त्यांनी फोक्सवॅगन गाडीचे सुटे भाग त्याच्यापुढे टाकले. तो दगड सोडून एका रबरी भागाला चिकटला, त्यातूनच 'काँग' हे पोकळ खेळणं जन्माला आलं. आम्ही त्यात दहीभात भरून गोठवतो. अर्धा तास घरात शांतता.

मात्र कुत्रं फक्त एकटं असतानाच, तेही दाराची चौकटच कुरतडत असेल, लाळ गाळत असेल, तर तो दातांचा प्रश्न नाही, भीतीचा असू शकतो. फटाक्यांच्या दिवसांत तर हे हमखास दिसतं. अशा वेळी खेळणी पुरत नाहीत, पशुवैद्याकडे जावं. दिवाळीत आणखी एक धोका असतो: चिवड्यातले बेदाणे. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेटही विषारीच. पोटात गेलं असेल तर 'बघू उद्या' म्हणू नये.

तोंडातली वस्तू हिसकायला धावलं की बुंदीला तो खेळच वाटतो. म्हणून अदलाबदल शिकवली: "सोड" म्हणायचं, सोडलं की चीजचा तुकडा द्यायचा. आठवड्यात जमलं. आता बुंदी कुठून तरी चप्पल शोधून आणते, माझ्या पायाशी ठेवते आणि फ्रीजकडे बघत बसते.