मोजक्या पैशांत लंडन : भाग ७ – वुलिचची फुकट बोट

म्युझियमं या आठवड्यात राहिली. रोह्याहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ठरवलेलं सगळं बाजूला पडलं. ते विचारतात, वेस्टमिन्स्टर ते ग्रिनिच बोटीचं भाडं आमच्या हिशेबात बसत नाही, तेव्हा थेम्स नुसती पुलांवरून पाहिली तर चालेल का?

नाही चालणार. कुंडलिका नाहीतर अंबा नदीच्या काठी वाढलेल्या माणसाने लंडनला जावं आणि नदीच्या पाण्यावर न जाता परत यावं, हे मला पटतच नाही. शिवाय त्याला पैसे लागत नाहीत. लंडनच्या पूर्वेला वुलिच नावाची वस्ती आहे. तिथे थेम्सच्या या काठावरून त्या काठावर एक मोठी फेरीबोट जाते, आणि ती १८८९ सालापासून सर्वांना फुकट आहे. पायी जाणारा, सायकलवाला, भरलेला ट्रक, कुणालाच तिकीट नाही. ग्रिनिचहून १७७ नंबरची बस थेट वुलिचला नेते. तासाभरात पुढची बस घेतली तर वेगळं भाडं नाही, हा मागच्या भागातला नियम लक्षात ठेवलात, तर कदाचित हा प्रवास आधीच्याच भाड्यात बसेल.

फुकट का, याची गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या पश्चिमेकडच्या पुलांवर पूर्वी टोल होता. १८७७ च्या कायद्याने तिथल्या नगर मंडळाने हे पूल विकत घेऊन टोलमुक्त करायला सुरुवात केली. पैसा साऱ्या लंडनच्या करातून गेला. पूर्वेच्या गोदीकामगारांच्या वस्त्यांत तर पूलच नव्हते. त्यांनी सरळ विचारलं : कर आम्हीही भरतो, मग नदी ओलांडायचे पैसे आम्हीच का द्यायचे? १८८५ साली फुकट फेरीबोटीचा कायदा झाला. २३ मार्च १८८९ ला बोट सुरू झाली तेव्हा जुनं मंडळ जाऊन लंडन काउंटी कौन्सिल येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. २०२५ मध्ये उघडलेल्या सिल्व्हरटाउन बोगद्यातून आज गाडी न्यायला पैसे पडतात, शेजारच्या जुन्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही पडू लागले, पण वुलिचची बोट फुकटच राहिली. त्या भागात पूल बांधायच्या योजना आल्या नि गेल्या. रेवस-करंजा पुलाची वाट अंतुल्यांच्या काळापासून पाहणाऱ्या आपल्या लोकांना त्या वाट पाहण्याची कल्पना द्यायला नको.

सध्याच्या दोन बोटी २०१९ पासून चालतात. एकीचं नाव गायिका डेम व्हेरा लिन यांचं. दुसरीचं बेन वुलॅकॉट. हा याच फेरीबोटीवरचा खलाशी, काम करताना २०११ साली गेला, वय अवघं एकोणीस. बोटीला खलाशाचं नाव द्यावंसं वाटणारं शहर मला मनापासून आवडतं.

पलीकडे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात नदीचा रंग नीट बघा. पोस्टकार्डावरची निळी थेम्स इथे नाही, इथे धरमतरच्या खाडीसारखं गढूळ, गाळाचं, दोन्ही दिशांना ओढ असणारं पाणी आहे. समुद्राची भरती पार टेडिंग्टनच्या बांधापर्यंत चढते. उधाणाला लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत वर-खाली होतं, म्हणजे आपल्या मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा बरंच जास्त. माणसांनी दोन्हीकडून भिंती घालून नदी आवळत नेली, म्हणून पाणी असं उंच चढतं. डोलवीच्या जेट्टीकडे येणारे बार्ज जसे भरती बघून वर सरकतात, तसेच इथेही शहराच्या कचऱ्याचे पिवळे कंटेनर लादलेले बार्ज टगच्या मागे जाताना दिसतात. ज्याला उधाण आणि भांग यांतला फरक लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला ही नदी गाईडशिवाय समजते.

परतीला बोट नको, बोगदा घ्या. धक्क्याला लागूनच वुलिचचा पायी बोगदा आहे, १९१२ सालचा, पाचशे मीटरांच्या आसपास लांब. दाट धुक्यात बोट बंद पडायची आणि मजूर काठावर अडकायचे, म्हणून तो खणला. ग्रिनिचचा असाच बोगदा त्याआधीचा, १९०२ चा. दोन्ही चोवीस तास उघडे, दोन्ही फुकट. आपल्या डोक्यावरून नदी आणि नदीवरून जहाजं जात आहेत, हे माहीत असताना त्या पांढऱ्या फरशांच्या लांबलचक नळीतून चालणं मुलांना तर फारच आवडतं.

पण वुलिचला जायचं खरं कारण पुढे आहे. नदीच्या कडेकडेने पश्चिमेकडे पाऊण तास चालत गेलात की थेम्स बॅरियर दिसतं. पात्रात ओळीने उभे असलेले चकचकीत पोलादी टोपांचे खांब, आणि त्यांच्यामधले मुख्य दरवाजे नदीच्या तळाशी आडवे झोपलेले. हवे तेव्हा ते वळून उभे राहतात. एकूण दहा दरवाजे, रुंदी ५२० मीटर, मोठ्या दरवाजाचं वजन तीन हजार टनांच्या वर. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी वादळाने किनाऱ्यावर चढलं. एकट्या इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक. त्यानंतर लंडनच्या रक्षणाचा विचार सुरू झाला. बॅरियर १९८२ पासून कामाला लागलं, औपचारिक उद्घाटन १९८४ ला झालं, आणि आजवर ते दोनशेहून अधिक वेळा बंद करावं लागलं आहे.

खारेपाटातल्या वाचकांना मी सांगतो, ही आपल्या खारबंदिस्तीची उघाडीच आहे, फक्त राक्षसी आकाराची. आपली उघाडी काय करते? भरती आली की मिटते, खारं पाणी शेतात येऊ देत नाही. ओहोटी लागली की उघडते, भातशेतीत साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडते. बॅरियरचा निम्मा उपयोग याच जातीचा. वरून नदीला पूर येत असेल तर ओहोटी संपताच, नदी रिकामी असताना, दरवाजे बंद करतात. मग भरतीचं पाणी बाहेर थांबतं आणि वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला आत जागा मिळते. पुढच्या ओहोटीला सगळं सोडून देतात. बांधाला खांड गेली की गावाचं काय होतं हे पाहिलेल्या माणसाला त्या पोलादी टोपांसमोर उभं राहिल्यावर जे वाटतं, ते बिग बेनसमोर वाटत नाही. मला तरी नाही वाटलं.

दर महिन्याला दरवाजांची चाचणी होते आणि वर्षातून एकदा सगळे दरवाजे मिटवून मोठी चाचणी होते. तारखा आधी जाहीर करतात. सहलीची तारीख ठरवताना त्या बघाच. पलीकडच्या उत्तर काठावर थेम्स बॅरियर पार्क आहे, तिथून दृश्य अधिक मोकळं मिळतं. प्रवेश फुकट.

वुलिचच्या पाण्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही वाफेची बोट स्वस्तातली एक दिवसाची सहल संपवून लंडनकडे परतत होती. कामकरी कुटुंबं, मुलंबाळं, वाजतगाजत चाललेली. वुलिचच्या जरा पूर्वेला ‘बायवेल कॅसल’ या कोळशाच्या जहाजाची धडक बसली, बोट दुभंगली आणि साधारण चार मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. शहराचं सांडपाणी त्याच टापूत, थोड्याच वेळापूर्वी, नदीत सोडलेलं होतं. पोहता येणाऱ्यांचेही हाल झाले. त्यानंतर जहाजांनी एकमेकांना कोणत्या बाजूने ओलांडायचं याचे नियम पक्के झाले आणि काही वर्षांनी मैला नदीत सोडणं बंद करून जहाजांनी समुद्रात नेऊ लागले.

पेण-अलिबागकडच्या कुणालाही हे वाचताना ‘रामदास’ आठवेल. १७ जुलै १९४७, गटारीला घरी निघालेली माणसं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट, आणि इथेही सहाशेहून अधिक. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. वुलिचजवळ प्लमस्टेडला जुन्या कबरस्तानात प्रिन्सेस अॅलिसच्या मृतांसाठी उंच दगडी क्रूस आहे. देशभरातल्या तेवीस हजारांहून अधिक लोकांनी सहा-सहा पेन्स देऊन तो उभारला. वर चढण आहे, बस जाते. वेळ असेल तर जरूर जा. सहलीला निघालेल्या साध्या माणसांचं स्मारक म्हणून मी ते लंडनच्या मोठ्या स्मारकांच्या रांगेत धरतो.

आईवडील बरोबर असतील तर बोगद्याचा हट्ट धरू नका. लिफ्ट आहे, पण ती बंद असली तर दोन्ही टोकांना शंभराच्या घरात पायऱ्या पडतात. त्यांच्यासाठी जाताना-येताना बोटच बरी. बोट रात्री बंद असते, कधी दुरुस्तीसाठीही थांबते, म्हणून निघण्याआधी त्या दिवशी चालू आहे ना हे बघून घ्या. वारा बोचरा असतो, कानटोपी घ्या.

पुढच्या आठवड्यात म्युझियमं नक्की, आणि त्यांच्याबरोबर किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घरही.