जुन्या गाड्या : काही गंजतात, काही का गंजत नाहीत?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची मोटारगाडीशी पहिली ओळख होते ती घसाऱ्याच्या उदाहरणात. ४ लाख रुपयांची गाडी, घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा; २० वर्षांनी वहीत उरतात सुमारे १५,५०० रुपये. वहीपुरती ती गाडी संपल्यातच जमा. पण रस्त्यावर पाहावे, तर वीस-पंचवीस वर्षांची एखादी गाडी निमूटपणे धावत असते, आणि तिच्याच मागून येणाऱ्या दहा वर्षांच्या गाडीचा दरवाजाखालचा पत्रा उंदराने कुरतडल्यासारखा झालेला असतो. घसारा दोघींना एकच, मग हा फरक आला कोठून? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पहिली गाडी येते ती वापरलेलीच, आणि येते ती वडिलांच्या बचतीतून. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

वडीलधाऱ्यांना विचारले तर उत्तर ठरलेले असते : "पूर्वीचा पत्रा जाड होता रे!" हे उत्तर मला पटत नाही. जाड पत्र्याला भोक पडायला वेळ जास्त लागतो एवढेच. गंज काही थांबत नाही. शिवाय जुन्या काळच्या ज्या गाड्या गंजून भंगारात गेल्या, त्या आज आपल्याला दिसतच नाहीत. ज्या टिकल्या त्याच दिसतात, आणि त्यांवरून आपण त्या सगळ्या काळालाच प्रशस्तिपत्र देऊन टाकतो.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांचा संयोग. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला 'तुक्कु' म्हणतात. ॲल्युमिनियमवरही असा थर बसतो, पण तो घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, खपली होऊन गळतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा हवेला उघडे करतो. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की हा उद्योग वेग घेतो. म्हणजे आपल्या पावसाळ्यात त्याला रात्रंदिवस काम. त्यात मीठ मिळाले तर विचारूच नये. मीठ ओल धरून ठेवते, आणि खारे पाणी विजेचे वाहक असल्याने गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्याला गेले की तेच काम समुद्राचा वारा करतो.

यावरचा उपाय आपल्या घरातच आहे. पत्र्याचा डबा आणि जस्ती बादली शेजारी ठेवून पाहावी. डब्याच्या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो. तो अखंड आहे तोवर डबा चकचकीत. पण एक ओरखडा पडला, की कथिल स्वतः सुरक्षित राहते आणि उघडे पडलेले लोखंड अधिकच वेगाने खाल्ले जाते. जस्ताचे उलट आहे. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील. बादलीला ओरखडा पडला तरी आसपासचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. आमच्या भाषेत सांगायचे तर कथिल म्हणजे दाराला लावलेले कुलूप, आणि जस्त म्हणजे नुकसान सोसण्यासाठी बाजूला काढून ठेवलेला राखीव निधी. निधी संपेपर्यंत भांडवलाला धक्का नाही.

जर्मनीच्या ऑडी कंपनीने १९८५ च्या सुमारास 'ऑडी १००' या गाडीचा संपूर्ण सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा करण्यास सुरुवात केली, आणि १९८६ साली आलेली 'ऑडी ८०' तर पहिल्यापासूनच तशी होती. गंजून पत्र्याला आरपार भोक पडणार नाही अशी लेखी हमी कंपनी देत असे. पुढे ती १० वर्षांपर्यंत वाढवली. जस्ताचा हा थर सुमारे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा! त्याच्या जोडीला, सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने आतल्या कानाकोपऱ्यांपर्यंत प्रायमर पोचवण्याची पद्धतही त्याच काळात रुळली. फवाऱ्याने दिलेला रंग दरवाजाच्या पोकळीत कधीच नीट पोचत नव्हता.

हा खर्च टाळला की काय होते, याचे उदाहरण त्याच खंडात आहे. इटलीची 'लान्शिया बीटा' ही गाडी चालवायला उत्तम म्हणून नावाजलेली. पण ब्रिटनमध्ये तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत, ज्या चौकटीवर इंजिन बसते तिच्याजवळचा भागच गंजू लागला. १९८० साली वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले आणि कंपनीला अनेक गाड्या मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. गेलेली पत पुन्हा कधी आली नाही. १९९४ मध्ये लान्शियाने ब्रिटनची बाजारपेठच सोडली. पत ही ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता आहे असे आमचे सर म्हणतात, ते या ठिकाणी पटते.

जस्त नसले तरी गाडी टिकू शकते, जर पाणी तिच्या अंगात साचले नाही तर. दरवाजात पाणी शिरतेच. काचेच्या रबरातून ते खाली उतरते. म्हणून दरवाजाच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. ज्या गाडीत ही भोके सोयीची आहेत, चाकावरच्या कमानीत चिखल धरून ठेवणारा खोबणीसारखा कोपरा नाही, दोन पत्रे एकमेकांवर येतात तेथे फट बुजवलेली आहे, ती साध्या पत्र्याचीही वर्षानुवर्षे चालते.

मात्र न गंजणे आणि विश्वासू असणे हे दोन वेगळे गुण आहेत. मुंबईची 'प्रीमियर पद्मिनी' पाहा. मूळची इटलीची फियाट ११००. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात 'डिलाइट' या नावाने बनू लागली आणि २००० च्या आसपास उत्पादन थांबले. समुद्राकाठच्या त्या हवेत तिला गंज चढत नव्हता असे मुळीच नाही. पण पत्रा कापून जोड लावता येई, इंजिन साधे, १,०८९ सी. सी. चे, आणि वर्षानुवर्षे फारसा बदल न झाल्याने एका गाडीचा भाग दुसरीला बसे. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिला थांबवले ते नियमाने.

आणि तिसरा भाग मालकाचा. न्यूयॉर्क राज्यातील अर्व्ह गॉर्डन या शिक्षकांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी १८०० या गाडीवर २०१३ साली ३० लाख मैल पूर्ण केले. त्यांचे गुपित म्हणाल तर वेळच्या वेळी तेल बदलणे आणि कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले आहे ते करणे. यात गुपित कसले, असे कोणी म्हणेल. पण तेवढेही किती जण करतात?

जुनी गाडी घ्यायला जाताना चकचकीत रंगावर भुलू नये. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालचे मॅटिंग उचलून हात लावावा, डिकीतील स्टेपनी काढून तळ पाहावा. नोंदणीला १५ वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरावा. १ एप्रिल २०२२ पासून खाजगी मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० वर नेण्यात आले. गाडी घरी आली की मे महिन्यातच, पहिल्या पावसाच्या आत, दरवाजांच्या तळाची ती भोके तारेने मोकळी करून घ्यावीत. या कामाला पैसे पडत नाहीत.