नव्या स्लॅबला पाणी किती दिवस? ऋतू ठरवतो!

स्लॅब पडला की घरमालकाचा जीव भांड्यात पडतो. आयुष्याची पुंजी ज्यात ओतली, त्या छताचे खरे काम मात्र मिक्सर परतल्यानंतर सुरू होते. काँक्रीट वाळून कडक होते, असा समज अद्याप आढळतो. प्रत्यक्षात सिमेंट व पाण्याच्या रासायनिक अभिक्रियेतून त्याला बळ येते. ओल संपली की ही अभिक्रियाही खुंटते. स्लॅबची जाडी जेमतेम पाच-सहा इंच आणि उघडा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हवामानाचा फटका त्याला लवकर बसतो.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ओल्या काँक्रीटमधील पाणी भराभर उडू लागते. यात उन्हाइतकाच दोष कोरड्या वाऱ्याचा असतो. वरचा थर आकसतो, आतला ओलाच राहतो; परिणामी पहिल्या काही तासांतच तडे जातात. ते केसासारखे बारीक म्हणून दुर्लक्षिले जातात. पुढे पावसाचे पाणी त्यांतून सळईपर्यंत झिरपते, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे सुटू लागतात.

उन्हात माल लवकर घट्ट होतो म्हणून त्यात वरून पाणी ओतण्याची सवय तर याहून घातक. काम सोपे होते, पण काँक्रीटची ताकद घटते. त्याऐवजी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर काम करणे, खडी सावलीत ठेवणे आणि पृष्ठभाग सारखा होताच त्यावर प्लॅस्टिक अंथरणे श्रेयस्कर. काँक्रीट घट्ट झाले की वाफे बांधून पाणी साठवावे. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून भागत नाही; मधल्या दुपारी स्लॅब कोरडा पडतो.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४५६ : २००० या संहितेने साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस सलग ओल राखण्यास सांगितले आहे. फ्लाय अॅशयुक्त सिमेंट असल्यास किमान १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवस. घरबांधणीत आज हेच सिमेंट सर्रास वापरले जात असल्याने, 'सात दिवस पुरे' हा ठेकेदाराचा हिशेब गोणीवरील मजकूर वाचूनच मान्य करावा.

हिवाळा मात्र फसवा. हवा गार म्हणून मालक निर्धास्त असतो. पण थंडीत अभिक्रिया मंदावते आणि काँक्रीटला बळ येण्यास अधिक दिवस लागतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढण्याची संहितेतील मुभा तापमान १५ अंशांखाली जात नसेल तरच लागू होते. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखालीही उतरतो. तेथे दिनदर्शिकेवर बोट ठेवून सेंट्रिंग खोलणे म्हणजे खाली काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. हा निर्णय अभियंत्यानेच घ्यावा.

पावसाळ्यात पहिले काही तास जोखमीचे. जोरदार सर ओल्या पृष्ठभागावरील सिमेंट धुऊन नेते, म्हणून ताडपत्री आधीच हाताशी हवी. घट्ट झालेल्या स्लॅबला पाऊस उपकारकच. परंतु मध्येच दोन दिवस उघडीप मिळाली की वाफे भरण्याची जबाबदारी पुन्हा मालकावर येते.

टँकरवर विसंबून असलेल्या भागांत भिजवलेले गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक, हा कमी पाण्याचा मार्ग आहे. गोणपाट दुपारी एकदा उचलून पाहावे. खालचा स्लॅब पांढरट, कोरडा दिसला तर ते लगेच पुन्हा भिजवावे.