वायुनाशी औषधे

वायुनाशी औषधे : जठर व आतडी यांत साठलेला वायू बाहेर पडण्यास मदत करणाऱ्या, तो निर्माण होण्यास आळा घालणाऱ्या किंवा त्यामुळे येणारा ताण व कळा कमी करणाऱ्या द्रव्यांना वायुनाशी औषधे म्हणतात. ओवा, बडीशेप, हिंग यांसारखी घरगुती द्रव्ये, सिमेथिकोनासारखी संश्लेषित (कृत्रिम रीत्या तयार केलेली) द्रव्ये आणि काही एंझाइमे यांचा त्यांत समावेश होतो. व्यवहारात ‘गॅसची गोळी’ हे नाव मात्र पुष्कळच सैलपणे वापरले जाते. जठरातील अम्ल निष्प्रभ करणारी मिश्रणे, अम्लस्राव कमी करणारी ओमेप्रॅझोल व पँटोप्रॅझोल यांसारखी औषधे, इतकेच नव्हे तर खाण्याचा सोडाही याच नावाने मागितला व दिला जातो. वस्तुतः अम्लस्राव कमी केल्याने छातीतील जळजळ थांबते. आतड्यातील वायू त्यामुळे कमी होत नाही. या औषधांच्या वापरातील बहुतेक चुका या गोंधळातून होतात.

निरोगी माणसाच्या पचन तंत्रात कोणत्याही वेळी सुमारे १०० ते २०० मिलि. वायू असतो व दिवसभरात साधारणपणे ०·५ ते १·५ लि. वायू गुदद्वारावाटे बाहेर पडतो. दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरणे हे प्रकृतीला धरूनच आहे. यातील काही भाग गिळलेल्या हवेचा असतो. घाईघाईने जेवणे, जेवताना सतत बोलणे, धूम्रपान व फेसाळ पेये यांमुळे तो वाढतो आणि बराचसा ढेकरांवाटे निघून जातो. उरलेला वायू बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) तयार होतो. लघ्वांत्रात (लहान आतड्यात) न पचलेल्या कार्बोहायड्रेटांवर तेथील सूक्ष्मजंतूंची क्रिया होऊन हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि काही व्यक्तींत मिथेन हे वायू निर्माण होतात. या वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंमुळे. वाल, हरभरा, राजमा इ. कडधान्यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. त्यांचे विघटन करणारे एंझाइम मानवी आतड्यात नसल्याने त्या जशाच्या तशा बृहदांत्रात पोहोचतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देण्याच्या जुन्या रीतीने या शर्करांचा काही अंश निघून जातो.

पोट फुगल्याची भावना आणि वायूचे प्रमाण यांचा संबंध समजतो तितका सरळ नाही. अमेरिकेतील मायकेल लेव्हिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आर्‌गॉन हा अक्रिय वायू आतड्यात सोडून तेथील वायू बाहेर काढला व मोजला. पोटफुगी व पोटदुखी यांची दीर्घकाळ तक्रार करणाऱ्या रुग्णांच्या आतड्यातील वायू निरोगी व्यक्तींहून अधिक नसल्याचे आढळले. मात्र तो पुढे सरकण्याच्या क्रियेत बिघाड होता आणि निरोगी व्यक्तींना सहज सोसणाऱ्या ताणानेही या रुग्णांना वेदना होत होत्या. अशा रुग्णांना केवळ वायूवर काम करणाऱ्या औषधाने पूर्ण आराम पडत नाही, याचे कारण यातून स्पष्ट होते. एका गोळीने गुण न आल्यास दुसरी व तिसरी घेत राहणे म्हणूनच व्यर्थ असते.

सिमेथिकोन हे या गटातील सर्वाधिक वापरले जाणारे औषध होय. सिलिकोन जातीचे एक तेलकट बहुवारिक व सिलिका यांचे ते मिश्रण असते. ते वायूच्या लहान बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करते. त्यामुळे बुडबुडे फुटून एकत्र येतात व मोकळा झालेला वायू ढेकरावाटे किंवा गुदद्वारावाटे निघून जातो. ते वायूची निर्मिती थांबवीत नाही, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. कोवळा लसूणघास खाल्लेल्या गुरांच्या रोमंथिकेत फेस धरून पोट फुगते, तेव्हा पशुवैद्य तेल किंवा याच जातीचे फेसनाशक पाजतात. दोन्ही ठिकाणी क्रिया एकच आहे. सिमेथिकोनाचे शोषण होत नाही व ते मलावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. त्यामुळे त्याचे दुष्परिणाम अगदी थोडे आहेत. प्रौढांमध्ये ४० ते १२५ मिग्रॅ. मात्रा जेवणानंतर व झोपताना देतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला ५०० मिग्रॅ. पेक्षा अधिक घेऊ नये. चघळण्याची गोळी पूर्ण चावून खावी, अखंड गिळू नये. द्रव औषध प्रत्येक वेळी हलवून घ्यावे.

एंझाइमांचा उपयोग वायू तयार होण्यापूर्वीच असतो. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळविलेले आल्फा-गॅलॅक्टोसिडेज कडधान्यांतील वर उल्लेखिलेल्या शर्करांचे विघटन करते. ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे लागते; पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नसतो. गॅलॅक्टोजचा चयापचय जन्मतः सदोष असणाऱ्यांनी ते टाळावे. दूध पचत नसल्यास लॅक्टेज हे एंझाइम दुधाबरोबर घेतात. मधुमेहावरील ॲकार्बोज व व्होग्लिबोज या औषधांनी कार्बोहायड्रेटांचे पचन मुद्दाम मंद केले जाते, त्यामुळे वायू होणे अपरिहार्यच असते. अशा वेळी वायुनाशी औषधांची भर घालण्यापेक्षा मूळ औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. सक्रियित कोळशाच्या गोळ्यांचा वायूवरील गुण अनिश्चित आहे. शिवाय त्या इतर औषधांना धरून ठेवतात व मल काळा करतात; तो रंग पचन तंत्रातील रक्तस्रावाचा समजला जाण्याचा किंवा उलट खरा रक्तस्राव दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो.

घरगुती द्रव्यांतील गुण मुख्यतः त्यांच्या बाष्पनशील तेलांमुळे येतो. ओव्यात थायमॉल, बडीशेपेत ॲनिथोल व शेपाच्या बियांत कार्व्होन असते. ही तेले आतड्यातील अरेखित (अनैच्छिक) स्नायू सैल करतात, त्यामुळे कळा थांबतात व अडकलेला वायू सरतो. पुदिन्याच्या एका विलायती जातीपासून काढलेल्या पेपरमिंट तेलाचा क्षोभशील आतड्याच्या विकारात उपयोग होत असल्याचे चाचण्यांत दिसून आले आहे. परंतु तेच तेल ग्रसिका व जठर यांमधील झडपही सैल करते, म्हणून छातीत जळजळ होणाऱ्यांनी ते घेऊ नये. त्याच्या जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सुली चावू नयेत. स्वयंपाकातील प्रमाणात ही सर्व द्रव्ये निर्धोक आहेत. अर्क व तेले यांना मात्र तो न्याय लावता येत नाही. हिंग्वाष्टक व लवणभास्कर या आयुर्वेदीय चूर्णांत लवणे असतात, तेव्हा रक्तदाब किंवा हृद्‌विकार असणाऱ्यांनी ती नित्य घेणे बरे नव्हे. बाजारी खड्याच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ही गोष्ट ग्लुटेन वर्ज्य असलेल्या रुग्णांना क्वचितच सांगितली जाते.

सोडा घेतल्यावर येणारा मोठा ढेकर पुष्कळांना गुण आल्याची खूण वाटते. जठरातील अम्लाशी सोड्याची विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो व तोच बाहेर पडतो. म्हणजे तो वायू औषधानेच निर्माण केलेला असतो. ५ ग्रॅ. खाण्याच्या सोड्यात सुमारे १·४ ग्रॅ. सोडियम असते. उच्च रक्तदाब, हृद्‌विकार, वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार) किंवा अंगावर सूज असणाऱ्यांना ते अपायकारक होते. आकंठ जेवणानंतर सोड्याची मोठी मात्रा घेतल्याने जठर फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहेत. घ्यावयाचाच तर तो पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा व फसफसणे थांबल्यावर प्यावा.

दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच द्रव औषधांत सिमेथिकोनाबरोबर ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडे असतात. त्यांमुळे टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासीन व लोहाच्या गोळ्या यांचे शोषण घटते. त्या औषधांत व यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. अवटू ग्रंथीसाठी थायरॉक्सीन घेणाऱ्यांनी हे अंतर चार तासांचे ठेवावे. वृक्कविकारात मॅग्नेशियम शरीरात साचते. काही कॅप्सुलींत पँटोप्रॅझोलाबरोबर डोंपेरिडोन असते व त्याने हृदयाची लय बिघडू शकते. एरिथ्रोमायसीन किंवा फ्लुकोनॅझोल चालू असताना हा धोका वाढतो. यास्तव वेष्टनावरील घटकांची नावे वाचून घ्यावीत.

तान्ह्या मुलांच्या रडण्यावर ग्राइप वॉटर देण्याची प्रथा इंग्लंडमधून आली. नॉटिंगॅम येथील विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये केलेल्या मूळ मिश्रणात शेपाचे तेल, सोडा व साखर यांबरोबर मद्यार्कही असे. सिमेथिकोनाचे थेंब त्याहून निर्धोक असले, तरी १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अर्भकांच्या पोटशुळावर ते निष्क्रिय द्रव्याहून सरस ठरले नाहीत. दूध पाजल्यावर मुलाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे अधिक उपयुक्त असते. हिरवी उलटी, ताप, मलात रक्त किंवा दूध न पिणे यांपैकी काहीही असल्यास थेंब देऊन वाट पाहू नये.

या औषधांचा सर्वांत मोठा धोका त्यांच्या घटकांत नसून त्यांच्यामुळे होणाऱ्या विलंबात आहे. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास दुखणे छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवते. सोबत मळमळ व ढेकरही येतात. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात असे चित्र विशेषेकरून दिसते व ‘गॅस झाला’ असे समजून मोलाचे तास वाया जातात. ढेकर येऊन किंवा औषध घेऊन थोडे बरे वाटले, यावरून हृद्‌विकार नाही असे ठरत नाही. दुखण्याबरोबर घाम, धाप, घेरी, जबडा किंवा हात यांकडे जाणारी कळ असल्यास, अथवा चालताना अस्वस्थता येऊन थांबल्यावर ती जात असल्यास तत्काळ रुग्णालयात जाऊन विद्युत् हृद्‌लेख काढून घ्यावा. महाराष्ट्रात यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

पोट ताठ फुगून वायू व मल दोन्ही बंद होणे आणि उलट्या होणे ही आंत्ररोधाची लक्षणे असून त्यांत सोडा किंवा रेचक देणे घातक ठरते. पन्नाशीनंतरच्या स्त्रीस नव्यानेच सुरू झालेली व जवळजवळ रोज जाणवणारी पोटफुगी अंडकोशाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. यकृताच्या विकारात पोटात साचलेले पाणीही आरंभी वायूच वाटते. वजन घटणे, रक्तक्षय, मलातून रक्त जाणे, गिळताना त्रास होणे किंवा रात्री झोपेतून जागे करणारी कळ यांपैकी काही असल्यास, तसेच दोन आठवडे औषध घेऊनही तक्रार कायम राहिल्यास औषध थांबवून तपासणी करून घेतात.