मर्यादित खर्चात मोटारगाडीचे रूपांतर : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सातारा, कराड व सांगली येथील महाविद्यालयांच्या आवारात खरी स्पोर्ट्स कार क्वचितच दृष्टीस पडते. तथापि जुनी छोटी मोटार विकत घेऊन तिला स्पोर्ट्स कारचे रूप देण्याची हौस विद्यार्थ्यांत चांगलीच रुजली आहे. गाडी जमिनीलगत आणणे, रुंद चाके बसविणे व रंग बदलणे ही त्या हौसेची तीन ठळक अंगे होत. पैसा थोडा असल्याने यातील बरेचसे काम अंदाजाने होते आणि त्याचे परिणाम चालकाबरोबर रस्त्यावरील इतरांनाही भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात या रूपांतरामागील यंत्रशास्त्र व कायदा यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

देवराष्ट्रे येथील उदाहरण

अल्प खर्चातील वाहननिर्मितीचे या परिसरातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची गाडी. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून सुमारे ६०,००० रुपयांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. मात्र ती नियमांत बसत नसल्याने प्रशासन तिला आज ना उद्या अटकाव करील, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पूर्ण झाली. कल्पकता आणि रस्त्यावर चालण्यास पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या घटनेचा बोध होय.

सस्पेन्शनमागील तत्त्व

गाडी खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचे एक वेटोळे कापणे. स्प्रिंगचा ताठरपणा कार्यरत वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेटोळ्यांपैकी एक कापल्यास ताठरपणा सहास पाच या प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. स्प्रिंग थेट चाकावर आहे, एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि स्प्रिंगचा ताठरपणा प्रतिमिलिमीटर २० न्यूटन आहे असे मानू. या भाराने स्प्रिंग सुमारे १४७ मिलिमीटर दबते. एक वेटोळे कापल्यावर ताठरपणा २४ न्यूटन होतो व दाब सुमारे १२३ मिलिमीटरवर येतो. दोन वेटोळ्यांतील अंतर ५० मिलिमीटर असल्यास गाडी प्रत्यक्षात २५ मिलिमीटरच्या आसपास खाली येते. चाकाला वर सरकण्यासाठी असलेली जागाही तेवढीच घटते. उलट चाक अधांतरी लोंबले असता ५० मिलिमीटरने आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटण्याचा धोका संभवतो.

दुसरा परिणाम कंपनांचा होय. वरील उदाहरणात गाडीची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला १.३० वरून १.४२ होते. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवल्यास त्याची कंपने शमविण्याची सापेक्ष क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. साहजिकच खंबाटकी किंवा यवतेश्वर घाटातील खडबडीत वळणावर चाकाची रस्त्यावरील पकड सुटू शकते. गावोगावचे उंच गतिरोधक आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना वाट देताना उतरावी लागणारी साइडपट्टी येथे तर जमिनीपासूनची उंची ही गरजच असते.

चाकांबाबतही साधे गणित पुरते. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर व १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२२ मिलिमीटर येतो. म्हणजे फरक नगण्य आहे. परंतु २०५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो. वेगमापक मूळ टायरनुसार अचूक असल्यास तो ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने धावत असते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रंग बदलल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते.

खर्चाचा अग्रक्रम

थोड्या पैशांत अधिक लाभ हवा असल्यास पहिला खर्च झिजलेले टायर, रबरी बुश व शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्यावर व्हावा. गाडीचा एक कोपरा दाबून सोडावा. ती एक-दोन हेलकाव्यांत स्थिर न झाल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आहे असे समजावे. उंची बदलायचीच असेल, तर त्या मॉडेलसाठी जुळवून तयार केलेला स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा संच नियमांत बसतो याची खात्री करून घ्यावा आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट करावे. रंग, आसनांची आवरणे व अंतर्गत सजावट यांचा विचार शेवटी करावा. त्यात धोका कमी व हौस पुरेपूर असते.

समारोप

विद्यार्थ्यांच्या या हौसेकडे केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेत विद्यार्थी स्वतः रचलेले वाहन नियमांच्या चौकटीत राहून, बंदिस्त मार्गावर चालवितात. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापकांनीही स्प्रिंगचे हे गणित वर्गात मांडले, तर कापलेल्या एका वेटोळ्याची खरी किंमत विद्यार्थ्याला घाटात नव्हे, फळ्यावरच कळेल.