अंदाजपंचे बिटकॉइन

तंजावूर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, कुंभकोणम आहे. तिथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं एक जुनं घर शास्त्र विद्यापीठाने २००३ मध्ये घेऊन जतन केलं. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन याच घरात वाढले. त्यांचे सहकारी गणितज्ञ हार्डी यांच्या टॅक्सीच्या क्रमांकामुळे त्यांच्या नावाला कायमची चिकटलेली संख्या म्हणजे १७२९. बिटकॉइनची तिजोरी ज्या गणितावर उभी आहे, त्याची चुणूक याच संख्येत दिसते.

१७२९ म्हणजे १ आणि १२ यांच्या घनांची बेरीज. ९ आणि १० यांच्या घनांचीही तीच. ज्यांच्या घनांची बेरीज १७२९ होते, अशा जोड्यांचा आलेख काढला तर एक वक्र मिळतो. त्यावरच्या (१, १२) आणि (९, १०) या बिंदूंतून सरळ रेषा ओढली की ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते: उणे ३७/३ आणि ४६/३. पडताळा सोपा आहे. ४६ च्या घनातून ३७ चा घन वजा केला की ४६,६८३ उरतात. २७ ने भागले की पुन्हा १७२९.

अशा वक्रांना ‘एलिप्टिक कर्व्ह’ म्हणतात. बिटकॉइनचा वक्र याच कुळातला: एका संख्येचा वर्ग बरोबर दुसरीचा घन अधिक ७. तिथे एका ठरलेल्या बिंदूपासून निघून रेषा ओढण्याचा हाच खेळ पुनःपुन्हा खेळायचा, आणि सारा हिशेब एका अजस्र मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत करायचा. खेळ किती वेळा खेळला तो आकडा म्हणजे ‘प्रायव्हेट की’, आणि जिथे पोचलो तो बिंदू म्हणजे ‘पब्लिक की’. आकड्यावरून बिंदू काढणं संगणकाला क्षणाचं काम. बिंदूवरून आकडा शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही.

मग अंदाजपंचे दाहोदरसे करून किल्ली लागली तर?

किल्लीचा आकडा २५६ बिटांचा असतो. शक्यतांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. चोराला अमुकच वॉलेट हवं असं नाही, कुणाचंही चालेल, असं धरू. पब्लिक कीवरून बनणारे जुन्या धाटणीचे वॉलेटचे पत्ते १६० बिटांचे, म्हणजे संभाव्य पत्त्यांचा आकडा ४९ अंकी. त्यांतल्या ५ कोटी पत्त्यांवर पैसे आहेत असं मानू. बिटकॉइनचं सगळं जाळं २०२५ मध्ये सेकंदाला १ वर २१ शून्ये इतके हॅश (एक प्रकारची आकडेमोड) काढण्याच्या टप्प्यावर पोचलं. त्याच वेगाने किल्ल्या तपासता आल्या, तरी पहिलं घबाड हाती लागायला सरासरी ९० हजार कोटी वर्षं जातील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

तरीही किल्ल्या सापडल्या आहेत. अमेरिकेतले सुरक्षा संशोधक एड्रियन बेडनारेक यांनी हाच वक्र वापरणाऱ्या इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्यावर सरळ १ ही किल्ली लावून पाहिली. ती कुणीतरी वापरलेली निघाली, आणि तिजोरी आधीच साफ झालेली होती! त्यांच्या चमूने अशा ७३२ किल्ल्या शोधल्या आणि २०१९ मध्ये अहवाल मांडला. त्यांच्याआधी याच वाटेने गेलेल्या एका अज्ञात चोराकडे सुमारे ४५ हजार इथर (इथेरियमचं चलन) जमले होते. त्याने ७८ अंकी रान धुंडाळलं नव्हतं. सदोष सॉफ्टवेअर आणि आळशी माणसं किल्ली जिथे टाकतात, तेवढीच जागा त्याने उकरली.

२०२३ मध्ये उघड झालेलं ‘मिल्क सॅड’ प्रकरणही याच जातीचं. लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरचं एक साधन किल्ली बनवताना फक्त ३२ बिटांचं बीज वापरत होतं. दिसायला किल्ली लांबलचक, पण खऱ्या शक्यता अवघ्या ४२९ कोटी. घरच्या संगणकालाही तेवढ्या तपासणं जड नाही.

आणि १८ जुलै २०२४ ला भारतीय क्रिप्टो एक्स्चेंज वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली, तेव्हा चोरांना अंदाज बांधायची गरजच पडली नाही. ते वॉलेट उघडायला अनेकांच्या सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्यानुसार, पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सह्या भलत्याच व्यवहारावर झाल्या.