माळ घाला, पण आधी दवाखाना

वडिलांची दारू हा रत्नागिरीतल्या घरांत उघड बोलायचा विषय नाही. सगळ्या वाडीला ठाऊक असतं, तरी घरातलं कोणी तोंड उघडत नाही. ‘त्यांचं नाव खराब होईल’ म्हणून. या गप्प बसण्यात वर्षं जातात आणि दवाखान्याऐवजी ऐकीव सल्ल्यांवर भिस्त राहते.

त्यातला सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘मनावर घेतलं की एका दिवसात सुटते’. आषाढीला माळ घालून, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून दारू सोडणारे बाप कोकणात गावोगाव आहेत. काहींची खरोखर सुटलीही. त्या श्रद्धेची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण ज्याला सकाळी हाताची थरथर थांबवायलाच पहिला घोट लागतो, त्याचं प्रकरण वेगळं. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, जोर मात्र उरतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, काहींना घाम, ताप, थरकाप सुरू होतो. अंगावर किडे चालल्याचे भास होतात, घरची माणसंही ओळखू येत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

आणि नेमकं याच वेळी घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय.’ माणसाला भगताकडे नेलं जातं आणि दवाखान्यात पोचायचे मोलाचे तास वाया जातात. दवाखान्यात हा टप्पा ठरावीक औषधं उतरत्या मात्रेत देऊन आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देऊन सांभाळता येतो. रोज पिणाऱ्याने दारू बंद करण्याआधी डॉक्टरला दाखवावं. माळ मग खुशाल घालावी.

‘चहातून नकळत पावडर द्या, दारूचा वीट येईल’ हा दुसरा सल्ला. अशा पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारूची शिसारी आणणारं डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचं असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे ठाऊकच नाही, तो नेहमीसारखा पिणार. हा उपचार नव्हे, जिवाशी खेळ आहे.

मनोरुग्णालयाची धास्ती तर रत्नागिरीकरांना वेगळी सांगायला नको. १८८६ पासूनचं, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे, आणि ‘वेड्यांचं’ म्हणून आपणच त्याच्यापासून लांब राहतो. दारूचं अवलंबित्व हा मनोविकारतज्ज्ञांच्याच विषयाचा भाग आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. अनिता आणि अनिल अवचटांनी ते उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला देणगी दिली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून होणारे विकारही येतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. ‘गाडी पाठवून उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्राला आधी नोंदणी विचारावी, डॉक्टर कोण ते विचारावं.

‘बाबा महिनाभर आत गेले तर घर कोण चालवणार?’ हा प्रश्न खरा आहे, त्यामागचं गृहीतक मात्र चुकीचं. प्रत्येकाला भरती लागत नाही. बऱ्याच जणांचं बाह्यरुग्ण विभागातल्या औषधांवर आणि समुपदेशनावर भागतं. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. व्यसन जडण्याआधीच्या, घातक पिण्याच्या टप्प्यावरच्या पुरुषांशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलले ते प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक, तेही जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के त्या घातक पातळीखाली आले होते. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात २६ टक्के. चमत्कार नव्हे, पण घरचा रोजगार न बुडवता मिळालेला फरक आहे. भरतीच लागली तर मुक्तांगणचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. मिरकरवाडा बंदरावरच्या खलाशाला तो १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बसवता येतो. अर्थात, फिट येत असेल तर जूनची वाट पाहायची नाही.

‘त्यांचीच तयारी नाही, मग आम्ही काय करणार?’ असं म्हणणाऱ्या घराने आधी स्वतः जावं. बायको किंवा मोठा मुलगा एकटा जाऊनही सल्ला घेऊ शकतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच तिथली अट. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन वेगळं. बापाने पुन्हा प्यायली, तर ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून उपचार सोडू नयेत. हा आजार मधुमेहासारखा पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा औषध आणि समुपदेशन नव्याने बसवावं लागतं.

पहिल्या भेटीला जाताना वहीत चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटची दारू कधी घेतली, रोज किती, पूर्वी सोडताना फिट किंवा भास झाले होते का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. वडील या चारांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरं कमी करून सांगतात. म्हणून सोबत जाणाऱ्याने डॉक्टरशी दोन मिनिटं वेगळं बोलून घ्यावं.